अबोल्यातला तराफा

कुरुळी
१० फेब्रुवारी २०२५

रा. रा. मारुतराव यांस,
नमस्कार. सप्रेम की नुसताच, ते पत्र वाचून तुम्ही ठरवा.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही म्हणाल, दौलतरावानं अबोला मोडला. मोडलेला नाही. आमच्या विजयश्रीच्या लग्नानंतर तुमच्या दारात उभं राहून आपण दोघांनी ठणकावून सांगितलं होतं की आता मरेपर्यंत एकमेकांशी तोंडातून शब्द काढायचा नाही. लिहायचं नाही असं कोणीच म्हटलं नव्हतं. फोन केला तर ते बोलणं होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तरी आमची मंजुळा शेजारणीला सांगणार, "हे बोलले बाई साडूंशी!" म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, कोर्टाची नोटीस पाठवताय का.

आता मुद्द्याचं. तळवड्यात आपलं छोटं युनिट आहे, हे तुमच्या घरी गिरजाअक्कांकडून कानावर आलंच असेल. गाड्यांचे रबरी पार्ट बनवायचो, तेही कंपन्यांनी दिलेल्या साच्यात. आमचा गणराज इंजिनिअर झाला आणि त्याच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. फुगवायचा तराफा! युद्धात विमान पडलं, जहाज बुडालं, की समुद्रात सापडलेल्या जवानानं त्यात बसायचं आणि कोणी शोधायला येईपर्यंत जीव धरून राहायचं. सोबत जगण्यापुरत्या सामानाची एक पेटी. आम्ही एक नमुना बनवला. फौजेच्या तपासणीचे साहेब येऊन बघून गेले, दोन बुक्क्या मारल्या, म्हणाले, "ठीक दिसतोय. चाचणी द्या."

तुमच्यापासून काय लपवायचं? आमची जमीन कंपन्यांत गेली आणि उरली तिच्यावर मी भाड्याच्या खोल्या बांधल्या. सकाळी उठून पाण्याची मोटर चालू करायची, कोणाच्या खोलीत किती पाहुणे घुसलेत ते बघायचं, संध्याकाळी मोटर बंद करायची. गावात मला दौलतराव कोणी म्हणत नाही, 'रूमवाले' म्हणतात. माझ्या बापानं कांदा पिकवला, शर्यतीचे बैल तयार केले. मी काय तयार केलं? कुलपं उघडली आणि लावली. हा तराफा पास झाला तर एक तरी वस्तू माझ्या हातून झाली असं होईल. नापास झाला तर रूमवाले म्हणूनच वर जाईन.

साहेबांची अट अशी की दोन माणसांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तराफ्यात बसायचं. एक बनवणारा मालक, आणि दुसरा असा की ज्यानं फौजेत या सामानाबरोबर काम केलंय. असा माणूस आमच्या अख्ख्या गोतावळ्यात एकच आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही.

बघा काय ते. मी तर गावात सांगूनही टाकलंय की आमचे थोरले साडू ऐन लढाईत विमानातून अरबी समुद्रात पडले होते आणि शार्क माशाला लाथ मारून परत आले.

आपला,
दौलतराव


माण
२१ फेब्रुवारी २०२५

श्री. दौलतराव यांस,
नमस्कार. सप्रेमचा निर्णय राखून ठेवला आहे.

कुरुळीचं पत्र माणला यायला इतके दिवस लागले. पायी आलं असतं तर लवकर पोचलं असतं. असो. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, हा तुमचा मुद्दा मी दोन्ही बाजूंनी तपासला. बरोबर आहे. त्यामुळे उत्तर देण्यात माझ्याकडून शपथभंग होत नाही.

पहिली दुरुस्ती. मी समुद्रात कधीही पडलेलो नाही. मी हवाई दलाच्या स्टोअरमध्ये होतो. या पेट्या फळीवरून काढून वैमानिकांना देणं आणि सही घेणं हे माझं काम. समुद्र मी एकदाच, अलिबागला बघितला आणि तेव्हा ओहोटी होती. शार्कचं तुम्ही गावात सांगितलंत, आता तुम्हीच निस्तरा.

दुसरी गोष्ट पेटीची. गणराजला नीट सांगा. आरसा दाढी करायला नसतो, उन्हाची तिरीप विमानाकडे फेकायला असतो. खायला फक्त साखरेच्या वड्या. खारट, तिखट काहीही नको, कारण त्यानं तहान लागते आणि गोडं पाणी मोजकंच असतं. पाण्यात सोडायच्या रंगाची भुकटी घट्ट बंद असावी. सुकी असताना ती तांबूस केशरी दिसते, पण ओल लागली की पोपटी हिरवी होते आणि वरून लांबवर दिसते. नुसत्या घामानंही ती उमलते. आमच्या एका शिपायानं ती उघड्या हातानं भरली आणि त्याच हातानं मान पुसली. बरेच दिवस त्याला सगळे राघू म्हणायचे.

आमच्याकडे दुसऱ्या महायुद्धातली एक जुनी पेटी शोभेला ठेवली होती. मासे धरायचा गळ होता, शिट्टी होती आणि इंग्रजीत छापलेल्या सूचना होत्या. त्यात एक अशी होती की तराफ्यातल्या माणसांनी सतत एकमेकांशी बोलत राहावं, गप्प बसणारा आधी खचतो. आपल्या दोघांना बसवणार असाल तर ही सूचना कशी पाळणार, ते कळवावं.

आता तिसरी गोष्ट. तुम्ही तुमच्या पत्रात जिला हातही लावला नाहीत ती. विजयश्रीच्या लग्नात माइकवाल्यानं सत्काराला नावं पुकारली. आजी सरपंच झाले, माजी सरपंच झाले, भावी सरपंच तर एकूण सात झाले. मंडपवाल्याच्या मेव्हण्यालाही फेटा बांधला. मुलीच्या सख्ख्या मावशीचा नवरा, म्हणजे मी, पहिल्या रांगेत नवीन सदरा घालून बसलो होतो. माझं नाव आलं नाही. मी मानासाठी हपापलेला नाही, पण त्या दिवशी मला वाटलं की तुमच्या लेखी मी कोणीच नाही. मला वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

मारुतराव


कुरुळी
४ मार्च २०२५

रा. रा. मारुतराव यांस,
नमस्कार.

पेटीबद्दलचा मजकूर तसाच्या तसा गणराजच्या हातात दिला. मी रबरवाला माणूस, मला आरसे आणि भुकट्या कळत नाहीत. पेट्या भरायचं काम मंजुळेनं अंगावर घेतलंय. साखरेच्या वड्या बघून तिनं नाक मुरडलं, पण "लिहिलंय तसंच भरायचं" असं मी तिला बजावलंय. ती हो म्हणाली. तुमच्या मेव्हणीचं 'हो' तुम्हाला ठाऊकच आहे.

लग्नाचं म्हणाल, तर त्याला उत्तर आहे. पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, कारण तुम्ही ते वाचून पाकिटात घालून ठेवाल. तुमच्या तोंडाकडे बघत सांगायचंय. तोंडाकडे बघणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून साहेबांनी दगडाच्या जुन्या खाणीत साठलेलं पाणी पसंत केलंय. चांगलं खोल आहे. मला पोहता येत नाही, तुम्हाला येतं का ते कळवा. येत नसलं तरी गावात सांगणार नाही. एकमेकांशी बोलायच्या सूचनेवर गणराजनं तोडगा काढलाय. पेटीत कागद-पेन्सिल असतेच. चिठ्ठ्या लिहायच्या. मोबाइल काठावर ठेवायचे.

या हो. हात जोडतो, लेखी.

दौलतराव


माण
१५ मार्च २०२५

श्री. दौलतराव यांस,
नमस्कार.

येतो. तुमच्यासाठी नाही, त्या जवानांसाठी येतो. उद्या कोणी खरोखर समुद्रात पडला आणि तराफा तुमच्या खोल्यांच्या छपरांसारखा गळका निघाला, तर माझ्या जिवाला घोर लागेल.

अटी : अबोला कायम राहील. पेटीला सील असेल आणि ते मी स्वतः बघेन. मला पोहता येत नाही.

मारुतराव


(तराफ्यातल्या चिठ्ठ्या. खाण, २० एप्रिल २०२५)

मारुतराव,
तुमचा पाय माझ्या मांडीवर आहे.
— दौलतराव

दौलतराव,
तराफा दोन माणसांचा आहे असं तुमच्याच पत्रकात छापलंय. कोणत्या आकाराची माणसं ते छापलेलं नाही. पाय आहे तिथेच राहील.
— मारुतराव

मारुतराव,
काठावर बघा. अख्खा गाव जमलाय. सकाळी तुम्हाला ओवाळताना मंजुळेचे डोळे भरून आले होते. आपण खरंच लढाईला निघालोय असं वाटलं. भूक लागली. पेटी उघडू?
— दौलतराव

दौलतराव,
मी सील तपासलं, आतलं तपासलं नाही ही माझी चूक. साखरेच्या वड्या कुठे आहेत? इथे भाकरी, शेंगदाण्याचे लाडू आणि लसणाचा ठेचा आहे.
— मारुतराव

मारुतराव,
आत मंजुळेची चिठ्ठी आहे. "लढाईतून जीव वाचवून आलेलं लेकरू काय साखर चघळत बसंल व्हय?" ठेचा झकास झालाय. घ्या.
— दौलतराव

दौलतराव,
ठेचा नियमानं वर्ज्य आहे. मी फक्त चव बघितली, अहवालासाठी.
जरा इकडे सरकवा. नीट चव कळली नाही.
— मारुतराव

मारुतराव,
पाणी.
— दौलतराव

दौलतराव,
संपलं. तुम्ही प्यालात. खाणीचं पिऊ नका, त्यात डंपर धुतात. तोंडाचा आ करून वाऱ्याकडे धरा.
— मारुतराव

मारुतराव,
ऊन फार लागतंय. घामानं कागद भिजतोय, म्हणून आताच सांगतो. माइकवाल्याला नावं मीच दिली होती आणि तुमचं नाव सगळ्यात पहिलं होतं. पहिलं होतं म्हणूनच घोळ झाला. त्यानं तुमचं नाव घेतलं तेव्हा माइक चालूच झाला नव्हता. दुसऱ्या नावापासून आवाज आला. मी हे सांगायला धावलो, तोवर तुम्ही रिक्षात बसला होता. मग तुमच्या दारात आलो, तर तुम्ही मला सांगूच दिलं नाही आणि मीही तापलो.
— दौलतराव

दौलतराव,
मग तीन वर्षं का सांगितलं नाहीत?
— मारुतराव

मारुतराव,
अबोला होता ना!
— दौलतराव

दौलतराव,
माइकवाले असं नेहमीच म्हणतात. मला पटलेलं नाही. विचार करतो.
— मारुतराव

मारुतराव,
विचार नंतर करा. आधी माझ्याकडे बघा. तुमचं तोंड असं कसं दिसतंय? तुम्हाला काही होतंय का? मारुतराव, तुमचं तोंड हि


कुरुळी
२२ एप्रिल २०२५

सौ. गिरजाअक्कास,
मंजुळेचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुला सगळं सांगितलंच आहे, पण घरातले पुरुष एकमेकांना पत्रं धाडतात, मग आपणच का मागं राहायचं? शिवाय फोनवर हे शेजारी बसले होते, म्हणून एक गोष्ट सांगता आली नाही. ती कुणाला कळू देऊ नको.

तू गुडघ्यामुळं आली नाहीस, नाहीतर डोळ्यांनी बघितलं असतंस. दोघं निघाले तेव्हा मी औक्षणाचं ताट केलं. दिवा होता, सुपारी होती, अक्षता होत्या आणि करंड्यात कुंकू चिमूटभरही नव्हतं! एवढ्या मोठ्या कामाला निघालेल्या माणसांना कोऱ्या कपाळानं कसं धाडायचं? गणराजच्या टेबलावर एका डबीत लालसर कुंकू दिसलं. जरा केशरी होतं, पण म्हटलं देवाचं असेल. दोघांच्या कपाळाला भरभरून लावलं. चांगला मळवट भरला. दाजी तर ओवाळणी टाकताना गहिवरले.

आणि ते निघालं पाण्यात सोडायचा रंग!

दुपारी ऊन चढलं, घाम सुटला. काठावरून आम्ही बघतोय तर दोघंही पोपटी. मला आधी वाटलं, झाडाची सावली पडली असेल. पण खाणीत कुठलं झाड? कपाळावरून ओघळ निघाले, गालावर आले, मिशा हिरव्या झाल्या. प्रत्येकाला दुसऱ्याचंच तोंड दिसणार, आपलं कसं दिसेल? ह्यांना वाटलं, दाजींचं काही खरं नाही. हातातला कागद टाकला आणि उभे राहिले. अक्का, ज्याला गुडघाभर पाण्यात भोवळ येते तो माणूस डुगडुगत्या रबरावर ताठ उभा राहिला! दाजींचे खांदे धरून असे गदागदा हलवले आणि ओरडले, "साडूभाऊ! अवो साडूभाऊ, डोळं मिटू नका! तुमी हिरवं पडलाय! मला सोडून जाऊ नका, माजी चूक झाली!" खाणीत आवाज घुमतो ना, सगळ्या गावानं ऐकलं.

दाजींनी उचललेली पेन्सिल खाली ठेवली. मग एवढंच म्हणाले, "तुमचं बी तसंच झालंय की हो." आणि कण्हायला लागले.

त्यानंतर दोघं जे रडले आणि जे बोलत सुटले, ते थांबेचनात. पायात पाय घालून बसले. लग्नाचं बोलले, जावयांचं बोलले, कुठल्याशा बैलाचं बोलले, आपल्या दोघींच्या स्वयंपाकाचंही काढलं, ते तुला समोर सांगीन. संध्याकाळी ठरल्याप्रमाणं गणराज आणि साहेब त्यांना सोडवायला होडी घेऊन गेले. दोघांनी आरसा दाखवायचा, शिट्टी मारायची, असं ठरलेलं. ह्यांनी हातानं होडीला थोपवलं आणि म्हणाले, "थांबा की राव जरा! म्हत्त्वाचं चाललंय!" साहेब दुसऱ्यांदा गेले तेव्हा दाजींनी त्यांना ठेचा दिला.

डबी बघून मला सगळा उलगडा झाला. गणराजला मी दातओठ खाऊन गप्प केलं. ह्यांना वाटतंय, खाणीचं पाणी लागलं आणि दोघं मरता मरता वाचले. सकाळ-संध्याकाळ आरशात बघतात आणि म्हणतात, "उतरतंय गं, जीव बचावला." मी म्हणते, व्हय. उशीचे अभ्रे मी गुपचूप पुरून टाकले. चुकून सांगितलं तर पुन्हा रुसवा नको, एवढीच माझी धास्ती. तीन वर्षं आपण दोघी बहिणी सण आले की आधी विचार करायचो, कुणाला कुठल्या वेळेला बोलवायचं. आता ते सगळं नको बाई.

तुझी,
मंजुळा


कुरुळी
१२ मे २०२५

रा. रा. साडूभाऊ यांस,
सप्रेम नमस्कार. माझ्याकडून ठरलं.

फोनवर ओरडून सांगितलं तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. साहेबांनी लेखी कळवलंय म्हणून मीही लेखी कळवतो. तराफा पास झाला! कागद आणून मंजुळेनं देवापुढं ठेवला, मी तिथून उचलून छातीशी धरला, मग पुन्हा देवापुढं ठेवला. रडलो. तुमच्यापासून काय लपवायचं?

साहेब लिहितात, मालक मध्येच उभा राहून नाचल्यावरही हवा शेवटपर्यंत टिकली, तराफा उलटला नाही. बसणाऱ्यांना तो इतका सोयीचा वाटला की त्यांनी सुटका नाकारली, असा प्रकार त्यांनी आजवर बघितलेला नाही. ठेचा पेटीतून काढायचा आहे, पण एक बरणी त्यांच्या घरी पाठवावी असं तोंडी म्हणाले. आणखी एक शेरा असा की दोन्ही प्रवासी काठावरून आश्चर्यकारक रीतीनं स्पष्ट दिसत होते. आता आपण दोघं पहिल्यापासून रुबाबदार आहोत, त्याला तराफा काय करणार!

खोल्यांतली पोरं काल पेढे मागायला आली. एकानं मला 'रूमवाले काका' म्हणून हाक मारली, तर दुसरा त्याला म्हणाला, "अरे, तराफेवाले म्हण." मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि मोटर बंद करायला विसरलो. टाकी वाहून गल्लीभर पाणी झालं.

हे सगळं तुमच्यामुळं झालं. त्या दिवशी तुमचं तोंड हिरवं पडलेलं बघितलं आणि माझ्या पायाखालचं रबर सरकलं. तब्येतीला जपा. असलं पाणी लागणं वाईट, पुन्हा उलटू शकतं. फोन उचलत जा.

तुमचा,
दौलतराव


माण
२३ मे २०२५

प्रिय दौलतराव,
सप्रेम नमस्कार. माझ्याकडूनही ठरलं.

बोलणं सुरू झाल्यापासून तुम्ही मला बोलू देत नाही. काल तुमचे चार फोन आले आणि चारही वेळा मी फक्त "हं" म्हणालो. म्हणून लिहितो.

आधी अभिनंदन करतो. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेलं सामान फळीवरून काढून दिलं. तुम्ही ते बनवलंत. तुमच्या तराफ्यात बसून मी काठावरच्या माणसांकडे बघत होतो आणि एकदाही बुडण्याची भीती वाटली नाही. मला अभिमान वाटतो तुमचा. हे तोंडानं म्हणायला गेलो असतो तर लाजलो असतो.

आता एक कबुली. तुम्हाला पाणीबिणी काही लागलेलं नाही आणि मलाही नाही. ती भुकटी मी इतकी वर्षं हाताळली आहे. तुमच्या कपाळावरून पहिला हिरवा ओघळ निघाला तेव्हाच मला कळलं की मंजुळाबाईंनी आपल्याला कोणतं कुंकू लावलंय. त्यांना रागावू नका. प्रेमानं लावलं होतं आणि तराफ्याला तर त्याचा फायदाच झाला.

मी तसं लिहून कळवणार होतो, पेन्सिल उचललीही होती. तेवढ्यात तुम्ही उठून उभे राहिलात. पोहता न येणारा माणूस, खाली तेवढं खोल पाणी, आणि तुम्ही मला धरून सोडून जाऊ नका म्हणून ओरडत होता. तीन वर्षं मी घरात बसून विचार करत होतो की या माणसाच्या लेखी मी कोण आहे. माइक बंद होता की चालू, ते मी अजून ठरवलेलं नाही, पण ठरवायची गरजही उरली नाही. त्या क्षणी "अहो, हा रंग आहे" असं म्हणून मी काय मिळवलं असतं? म्हणून कण्हलो. सुरुवातीला थोडं, मग तुम्ही रडायला लागलात तेव्हा जरा जास्तच.

हे वाचून तुमचा संताप होईल आणि पुन्हा अबोला धरावासा वाटेल. जरूर धरा, तुमचा हक्कच आहे. फक्त या खेपेला दोघं एकाच घरात बसून धरू. पोस्टाला वेळ देऊन आठ जूनच्या रविवारी सकाळीच येतो.

तुमचा साडूभाऊ,
मारुतराव